पातेऱ्याचं काय करायचं?

मंडळी, ऑक्टोबर उजाडला की भारतातून आलेले पाहुणे आपल्या ड्राइव्ह-वेवर उभे राहून फोटो काढतात. लालभडक मेपल, पिवळाधमक ॲश, तांबूस ओक! "काय भाग्यवान हो तुम्ही!" असं म्हणत ते चहा पितात, बेसनाचा लाडू तोंडात टाकतात आणि विमानात बसून निघून जातात. मग ते सगळं भाग्य वाऱ्याबरोबर खाली येतं आणि ते गोळा करायला आपण मागे उरतो.

शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात आम्ही १९९४ साली घर घेतलं. एप्रिलमध्ये घर बघायला गेलो तेव्हा एजंटबाई म्हणाल्या, "मोठी, जुनी झाडं हे या घराचं वैशिष्ट्य!" आम्हीही खूश झालो. अपार्टमेंटच्या तिसऱ्या मजल्यावर पाच वर्षं काढलेल्या माणसाला झाडं तेवढी दिसतात, पानं दिसत नाहीत. पुढच्या अंगणात एक ॲश, मागे दोन सिल्व्हर मेपल आणि कुंपणाच्या कोपऱ्यात एक थोरला ओक. त्या पहिल्या फॉलमध्ये आम्ही दोघांनी आणि आमच्या सात वर्षांच्या कन्येनं मिळून बासष्ट पिशव्या भरल्या. हातांना फोड आले, कंबरा धरल्या आणि शेवटची पिशवी रस्त्याच्या कडेला ठेवली त्याच रात्री ओकनं राहिलेली पानं टाकली.

या पिशव्या म्हणजे तपकिरी कागदाच्या, तीस गॅलनच्या. इलिनॉय राज्यात १ जुलै १९९० पासून बागेतला कचरा कचराभूमीत पुरायला बंदी आहे. पानं आणि गवत जागा फार खातात, शिवाय मातीखाली हवेविना कुजली की त्यांच्यातून मिथेन वायू निघतो. म्हणून ती वेगळी द्यायची आणि आमच्या गावात दर पिशवीला एक स्टिकर विकत घेऊन चिकटवायचं. म्हणजे झाड आमचं, पान आमचं, कष्ट आमचे आणि वर पैसेही आमचेच. पुढे मार्च-एप्रिलमध्ये आम्ही दुकानात जाऊन 'मल्च'च्या प्लॅस्टिकच्या पिशव्या विकत आणायचो आणि फुलझाडांखाली पसरायचो. हे दोन्ही व्यवहार चार वर्षं केले, पण त्यात काही विचित्र आहे असं आमच्या डोक्यात एकदाही आलं नाही.

पुढे जाण्यापूर्वी एक खुलासा. हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. त्यामुळे कुठली चूक कुणाची, हे वाचकांना कळणार नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर 'आम्ही' हा शब्द किती उपयोगी असतो, हे अनुभवी मंडळींना सांगायला नको. एवढंच सांगतो की आमच्यातल्या एकाचं गाव राजापूरजवळचं आणि दुसरीचं माहेर कराडजवळचं.

आप्पा आणि अग्निशामक दल

१९९८ च्या जूनमध्ये राजापूरकडचे आमचे आप्पा सहा महिन्यांसाठी आले. आई आदल्या वर्षी गेली होती आणि गावच्या घरात ते एकटेच होते. पहिले दोन महिने छान गेले. नायगारा झाला, देवळं झाली, मंडळाचा गणपती झाला. मग शाळा सुरू झाली, आम्ही दोघं सकाळी सातला बाहेर पडायचो आणि आप्पा दिवसभर खिडकीशी बसायचे. गाडी चालवता येत नाही, टीव्हीवरचं बोलणं समजत नाही, फूटपाथवर माणूस दिसत नाही. संध्याकाळी आम्ही आलो की सांगायचे, "आज एकशे चाळीस गाड्या गेल्या." आम्ही हसायचो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, हे आता कळतं.

ऑक्टोबरमध्ये पानं पडायला लागली आणि आप्पा उठून बसले. आम्ही पिशव्या भरायला घेतल्या तेव्हा ते बाहेर येऊन बघत राहिले.

"हे काय करता रे?"

"पानं भरतोय. गुरुवारी गाडी येते न्यायला."

"आणि हे चिकटवताय ते काय?"

स्टिकरचा हिशेब सांगितल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, आपल्याकडे पातेऱ्यावरून भावाभावांत भांडणं होतात. तुझ्या आंब्याचा पातेरा माझ्या बागेत पडला तर तो माझा की तुझा! आणि तुम्ही पैसे देऊन घालवता?"

ज्यांना कोकण ठाऊक नाही त्यांच्यासाठी: पातेरा म्हणजे झाडाखाली पडलेला सुका पाला. आप्पांच्या आयुष्यात तो कचरा कधीच नव्हता. पावसाळ्याआधी भाताचं रोप जिथे काढायचं त्या जमिनीवर शेण, कवळं, पातेरा आणि गवत यांचे थर देऊन ते भाजायचं, याला राब म्हणतात. भाजल्यानं तण मरतं, राख जमिनीत जाते आणि रोप तरारून येतं, असा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव. उरलेला पातेरा गोठ्यात गुरांखाली अंथरायचा किंवा आंब्या-माडाच्या आळ्यात टाकायचा.

चार दिवसांनी आमच्या ऑफिसात फोन वाजला. आप्पांनी मागच्या अंगणातला सगळा पातेरा खराट्यासारखा रेक चालवून एका जागी ओढला होता आणि देवघरातली काडेपेटी आणून व्यवस्थित राब भाजायला घेतला होता. शेजारच्या आजीबाईंनी धूर बघून फोन केला. आम्ही घरी पोचलो तेव्हा लाल गाडी दारात उभी होती आणि आप्पा अग्निशामक दलाच्या जवानांना पाण्याचे ग्लास देत होते. "एवढी मोठी गाडी आली," ते आम्हाला म्हणाले, "मला वाटलं कुणाचं तरी घर पेटलं!"

जवान भले होते. गावात पानं जाळायला बंदी आहे, हे समजावून सांगून, दंड न करता ते गेले. पण आप्पांना ते फार लागलं. रात्री जेवताना म्हणाले, "मला इथे काही म्हणता काही करता येत नाही रे."

तेव्हा आमच्यातली कराडकडची बाजू मदतीला धावली. तिकडे ऊस तुटला की पाचट पेटवून देतात. पण तिचे मामा कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या 'प्रयोग परिवारा'तल्या लोकांच्या संगतीत आले आणि पाचट जाळायचे थांबले. दाभोळकरांचं 'विपुलाच सृष्टी' हे पुस्तक मामांच्या घरात पोथीसारखं जपलेलं असे. जे जमिनीतून आलं ते जमिनीवरच कुजू द्यायचं, सूर्यानं पानात साठवलेलं धन धुरात घालवायचं नाही, हे मामांचं नेहमीचं सांगणं. "आप्पा, भाजू नका, कुजवा," सूनबाई म्हणाली.

आप्पांनी दुसऱ्या दिवशी गराजमागे चार खुंट ठोकले, जाळी गुंडाळली आणि ओकपासून मेपलपर्यंत जे सापडेल ते आत भरलं. त्या वर्षी स्टिकरं लागली ती फक्त एकोणीस. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत जाताना विमानतळावर त्यांनी नातीला बजावलं, "माझ्या ढिगाकडे लक्ष ठेव गं."

एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला. कुशल विचारायच्या आधी प्रश्न, "झालं का रे खत?"

आम्ही जाऊन काटेरी फावडं घातलं. वरची पानं सुकी, आतली पानं एकमेकांना चिकटून ओल्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यासारखी. खत वगैरे काही नाही. आप्पा फोनवर थोडा वेळ विचार करून म्हणाले, "सबंध पान लवकर कुजायचं नाही. थर बसला की आत वारा जात नाही. बारीक करायला हवं त्याला."

"कुट्टी!" मागून सूनबाई ओरडली. कडब्याची करतात तशी.

यंत्र घरात येतं

अशा रीतीनं १९९९ च्या सप्टेंबरात आमच्या घरी मल्चर आला. पण आणण्यापूर्वी बरीच चौकशी केली आणि पुढच्या वर्षांत बराच अनुभव घेतला. तो इथे मांडतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

पहिली गोष्ट: फक्त पानंच असतील तर कदाचित यंत्र घ्यायची गरजच नाही. गवत कापायच्या मोअरला मल्चिंगचं पातं बसवा आणि पानं कोरडी असताना लॉनवरूनच दोनदा फिरवा. पानाचे नाण्याएवढे तुकडे होऊन गवताच्या पात्यांमध्ये खाली बसतात आणि वसंतापर्यंत दिसेनासे होतात. मिशिगन स्टेट विद्यापीठानं या पद्धतीचे प्रयोग केले आहेत आणि लॉनला त्यानं अपाय होत नाही असं त्यांचं सांगणं आहे. अट एवढीच, की तुकड्यांतून गवताची टोकं दिसत राहिली पाहिजेत. थर जाड झाला तर खालचं गवत गुदमरतं. तेव्हा सगळी पानं पडायची वाट न बघता दर आठवड्याला फिरवायचं.

दुसरी गोष्ट: बाजारात या एका नावाखाली तीन निरनिराळी यंत्रं मिळतात. एक फक्त पानांचं. ते पिंपासारखं असतं आणि आत पात्याऐवजी गवत छाटायच्या यंत्रातली नायलॉनची दोरी गरगर फिरते. कोरडी पानं भराभर बारीक करतं, पण काटकी गेली की दोरी तुटते. दुसरं विजेवरचं चिपर-श्रेडर. वर नरसाळं, आत वेगानं फिरणाऱ्या तबकडीवर दोन पाती. बोटाएवढ्या, फार तर दीड इंचापर्यंतच्या फांद्या घेतं. यातच एक सावकाश फिरणाऱ्या दातेरी रुळाचा प्रकार असतो. तो फांदी कापण्यापेक्षा चिरडतो, आवाज कमी करतो, पण मऊ पानं त्यात अडकतात. तिसरं पेट्रोलवरचं. ते बरंच दांडगं, दोन-तीन इंचांची फांदी खाणारं, महाग आणि ठेवायला जागा लागणारं. वादळानंतर एखाद्या वेळी लागलं तर ते भाड्यानं आणावं.

आम्ही विजेवरचं चिपर-श्रेडर घेतलं. त्याच्या खोक्यावर लिहिलं होतं की दहा पिशव्यांची एक पिशवी होते. खऱ्या अर्थानं दहाची एक होत नाही. पानं कुरकुरीत कोरडी असतील तर सहा-सात पिशव्यांची एक झाली, ओलसर असतील तर तीनाची एक आणि भिजलेली असतील तर एकही नाही, कारण यंत्रच बसतं.

तार हा लोकांच्या लक्षात न येणारा भाग. ही यंत्रं तेरा ते पंधरा अँपिअर वीज ओढतात. ख्रिसमसच्या दिव्यांची बारीक एक्स्टेन्शन कॉर्ड लावली तर ती तापते आणि मोटर जळते. पन्नास फुटांपर्यंत चौदा गेजची, शंभर फुटांपर्यंत बारा गेजची, बाहेर वापरायची कॉर्ड घ्यावी. गेजचा आकडा जितका लहान, तितकी तार जाड. आणि प्लग जीएफसीआयचाच असावा, म्हणजे वीज कुठे गळाली तर तो तत्काळ बंद पडतो.

बोटाची गोष्ट

आता लिहायला अवघड असा भाग. १९९९ ची दिवाळी ७ नोव्हेंबरला होती. त्याच्या आधीच्या शनिवारी आम्ही आदल्या दिवशीच्या पावसात भिजलेली मेपलची पानं घाईघाईनं यंत्रात कोंबत होतो, कारण दुपारी मंडळाच्या कार्यक्रमाची तालीम होती. यंत्र घुरघुरून बसलं. आम्ही बटण बंद केलं. प्लग काढला नाही. तबकडी थांबायची वाट पाहिली नाही. बाहेर पडायच्या तोंडातून हात घालून अडकलेला लगदा ओढला आणि लगदा सुटताच मोकळी झालेली तबकडी अर्धा फेरा फिरली.

डाव्या हाताच्या मधल्या बोटाला पाच टाके पडले. डॉक्टर म्हणाले, "दोन मिलिमीटर आणखी खोल गेलं असतं तर टोक गेलं होतं." यंत्रात काही दोष नव्हता. त्याच्या अंगावर लाल अक्षरांत सगळं लिहिलेलं होतं आणि आम्ही दोघंही वाचता येणारे इंजिनियर! त्या वर्षी मंडळाच्या दिवाळीला तबल्याला ऐन वेळी दुसरा माणूस शोधावा लागला, हे ज्यांना आठवत असेल त्यांना कारण आज कळलं. तेव्हा आम्ही सगळ्यांना "विळीवर कापलं" असं सांगितलं होतं. आप्पांनाही तेच सांगितलं. त्यांनी आणलेलं काम, त्यात बोट कापलं हे कळलं असतं तर ते पुन्हा आले नसते.

म्हणून हे नियम आम्ही गराजच्या भिंतीवर मराठीत लिहून लावले आहेत:

१. अडकलं की आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग मनात वीस आकडे. त्यानंतरही हात घालायचा नाही, काठी घालायची.

२. डोळ्यांवर गॉगल आणि कानांवर संरक्षण असल्याशिवाय बटण दाबायचं नाही. काटक्या नरसाळ्यातून उलट्या उडतात.

३. ओढणी, पदर, गळ्यात लोंबणारं मंगळसूत्र, सैल बाह्या, मफलर, मोकळे केस आणि बांगड्या यंत्राजवळ आणायच्या नाहीत. फांदी आत ओढली जाते तेव्हा तिच्या काटकीत अडकलेलं कापडही आत जातं.

४. खडे, खिळे, दोरी, कुंडीचे तुकडे आधी वेचायचे. रेकनं ओढलेल्या पानांत हे सगळं असतं.

५. ओली पानं उद्यावर टाकायची. उद्या कार्यक्रम असला तरी!

६. मुलं आणि हौशी पाहुणे वीस फुटांवर.

बारीक झाल्यावर पुढे काय?

बारीक केलेल्या पातेऱ्याचे आम्ही तीन वाटे करतो. पहिला वाटा फुलझाडांच्या आणि भाजीच्या वाफ्यांवर, दोन-तीन इंचांचा थर. यालाच मल्च म्हणायचं; आपलं मराठी नाव आच्छादन. उन्हाळ्यात ओल टिकते, तण कमी येतं आणि थंडीत जमीन एकदम गोठून-वितळून मुळं उखडत नाहीत.

यात आम्ही केलेली दुसरी मोठी चूक सांगतो. नवीन लावलेल्या सफरचंदाच्या रोपाभोवती आम्ही प्रेमानं फूटभर उंच, खोडाला टेकलेला ढीग रचला. गावातल्या अर्ध्या घरांपुढे असे ज्वालामुखी दिसतात, म्हणून तेच बरोबर असं वाटलं. वसंतात बघतो तर ढिगाच्या उबेत उंदरांनी बिऱ्हाड केलेलं आणि खोडाची साल सगळीकडून कुरतडलेली. रोप गेलं. खोडाला ओलं आच्छादन टेकलं की साल कुजते, हेही तेव्हाच कळलं. थर दोन ते चार इंच आणि खोडापासून चार बोटं दूर. पर्वत नको, मधे खळगा असलेली परात हवी. आपण आळं करतो तसं!

लाकडाचे ताजे चिप्स जमिनीवर पसरायला हरकत नाही, पण मातीत मिसळू नयेत. ते कुजवणारे जिवाणू मातीतला नायट्रोजन उचलतात आणि भाजी पिवळी पडते. आणि काळ्या अक्रोडाचं झाड असेल तर त्याचा पाला टोमॅटो-वांग्यांपासून लांब ठेवा. त्यात जग्लोन नावाचं द्रव्य असतं, ते या पिकांना मारक आहे.

दुसरा वाटा गराजमागच्या ढिगाचा. अंदाजे तीन घमेली सुका पातेरा आणि एक घमेलं ओलं असं प्रमाण. ओलं म्हणजे भाज्यांची देठं, केळ्याची सालं, चहाचा चोथा, गवताची कापणी. तेलातुपाचं, शिळी भाजी-आमटी, मासळीची हाडं मात्र नकोत, नाहीतर रॅकून मंडळी पंगतीला येतात. ढीग निदान तीन फूट लांब, रुंद आणि उंच हवा, तरच आत ऊब धरतो. चांगला जमला तर आतलं तापमान १३० ते १५० अंश फॅरनहाइटपर्यंत जातं आणि नोव्हेंबरच्या थंडीत उकरला की वाफ येते. जानेवारीत तो दगड होतो. काळजी करू नये, एप्रिलमध्ये जागा होतो. दोन-तीन आठवड्यांनी खालीवर करायचा, हाताला पिळलेल्या फडक्याइतका ओला ठेवायचा. बारीक केलेला पातेरा आमच्याकडे एका उन्हाळ्यात काळं, मातीचा वास येणारं खत होतो. सबंध पानांना दोन वर्षं लागली होती.

हे खत पहिल्यांदा आप्पांनी पाहिलं ते २००२ च्या उन्हाळ्यात. आल्या आल्या, बॅगा दारात टाकून, ते गराजमागे गेले, मूठभर उचललं आणि वास घेतला. "झालं," एवढंच म्हणाले. त्या मुक्कामात त्यांनी गाड्या मोजल्या नाहीत. सकाळी चहा झाला की तारेच्या चाळणीनं खत चाळायचे, अळू आणि मेथीच्या वाफ्यात घालायचे. यंत्राला मात्र त्यांनी कधी हात लावला नाही. "त्याचं तोंड मला आवडत नाही," म्हणायचे. आम्ही एकमेकांकडे बघायचो.

एके दिवशी त्यांनी बादलीभर खत शेजारच्या त्याच आजीबाईंच्या दारात नेऊन ठेवलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. पुढच्या आठवड्यात आजीबाईंनी टोमॅटो पाठवले आणि ऑक्टोबरमध्ये आपल्या पानांच्या पिशव्या स्टिकर न लावता आमच्या कुंपणाशी आणून ठेवल्या.

तिसरा वाटा अलीकडचा आहे, तो म्हणजे न कापलेल्या पानांचा. आमची कन्या आता पर्यावरणाच्या क्षेत्रात काम करते. तिनं सांगितलं की कितीतरी पतंग आणि फुलपाखरं कोषाच्या रूपात, काजवे अळीच्या रूपात या पडलेल्या पानांत आणि खालच्या मातीत हिवाळा काढतात. यंत्रात घातलं की तेही गेले. तेव्हापासून झुडपांखालचा आणि ओकखालचा पातेरा आम्ही तसाच राहू देतो. जूनमध्ये त्या कोपऱ्यात काजवे दिसतात.

ॲशचं झाड

एमराल्ड ॲश बोरर हा ईशान्य आशियातून आलेला हिरवा भुंगा २००२ साली मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ सापडला आणि २००६ साली आमच्या राज्यात. त्याची अळी सालीखाली नागमोडी बोगदे करते आणि झाडाची अन्नपाण्याची वाट तुटते. आमच्या दारातल्या ॲशचा शेंडा २००९ मध्ये विरळ झाला. त्याच साली गावी आप्पा गेले. त्या धावपळीत झाडाकडे कुणी पाहिलं नाही. वेळेवर पाहिलं असतं तर दर दोन वर्षांनी औषध टोचून ते वाचवता आलं असतं. २०११ मध्ये खोडावर इंग्रजी डी अक्षरासारखी बारीक भोकं दिसली तेव्हा अर्ध्याहून अधिक झाड वाळलं होतं.

झाड तोडायला माणसं आली तेव्हा त्यांनी विचारलं, लाकूड नेऊ का? तेव्हा या किडीमुळे ॲशचं लाकूड ठरलेल्या हद्दीबाहेर न्यायला बंदी होती. ही केंद्र सरकारची बंदी २०२१ च्या जानेवारीत उठली, पण सरपण लांब नेऊ नये हा सल्ला अजूनही खरा आहे. एक इंचापेक्षा बारीक चिप्स केले तर त्यात अळी जगत नाही, असा नियमाचा हिशेब. आम्ही म्हटलं, इथेच बारीक करा आणि इथेच टाका. मोठ्या यंत्रानं दुपारभरात ते झाड ड्राइव्ह-वेवर ढिगाच्या रूपात आलं. त्यातलं अर्धं शेजाऱ्यांनी नेलं, अर्ध्याची मागच्या अंगणात पायवाट झाली. ॲशच्या जागी आम्ही स्वाम्प व्हाइट ओक लावला. त्याच्याभोवती परात केली, ज्वालामुखी नव्हे. आज तो घराच्या छपरावर गेला आहे आणि भरपूर पानं टाकतो.

गेल्या फॉलमध्ये आमच्या दारातून गुरुवारच्या गाडीला तीन पिशव्या गेल्या, त्याही काटेरी झुडपांच्या. पहिलं यंत्र केव्हाच जळलं. आताचं चार मराठी घरांनी मिळून घेतलं आहे. वर्षातून दोन शनिवार वापरायची वस्तू प्रत्येकानं कशाला घ्यायची? ते ऑक्टोबरात एका घराकडून दुसऱ्या घराकडे जातं. त्याच्याबरोबर गॉगल जातो, बारा गेजची कॉर्ड जाते आणि गराजच्या भिंतीवरच्या नियमांची प्रतही जाते.

ज्यांच्याकडे या वर्षी आईवडील येणार आहेत त्यांना एक विनंती. त्यांना नायगारा दाखवाच. पण ऑक्टोबरपर्यंत ठेवून घ्या आणि रेक त्यांच्या हाती द्या. फक्त काडेपेटी तेवढी वरच्या फळीवर ठेवा.